जे उत्तर असूच शकत नाही

राज्य मंडळाच्या बारावीच्या गणिताच्या दुसऱ्या पुस्तकात आठ प्रकरणे आहेत आणि त्यांतली पहिली सहा कॅल्क्युलसची आहेत: डिफरन्सिएशन, डेरिव्हेटिव्हचे उपयोग, इनडेफिनिट इंटिग्रेशन, डेफिनिट इंटिग्रेशन, त्याचे उपयोग आणि डिफरन्शियल इक्वेशन. बार्शी, करमाळा, मंगळवेढा किंवा अक्कलकोटहून सोलापुरात सायन्सला येणाऱ्या विद्यार्थ्याला कॅल्क्युलस दोन-तीन वर्षांत तीन परीक्षांत भेटते आणि तिन्ही ठिकाणी चार पर्यायांच्या रूपातही भेटते. आधी बोर्डाच्या ८० गुणांच्या पेपरात, जिथे पहिल्या प्रश्नात प्रत्येकी २ गुणांचे ८ बहुपर्यायी प्रश्न असतात. मग एमएचटी-सीईटीत, जिथे गणिताचा सगळा पेपरच तसा: ५० प्रश्न, १०० गुण, ९० मिनिटे. पुढे इंजिनिअरिंगला गेल्यावरही सुटका नसते, कारण सोलापूर विद्यापीठाच्या अभियांत्रिकीच्या ७० गुणांच्या पेपरांत १४ गुणांचा पहिला प्रश्न बहुपर्यायी आणि तो पहिल्या ३० मिनिटांत सोडवायचा, ही रचना अनेक वर्षे चालत आली. एवढ्या वेळा जो प्रकार समोर येतो, तो सोडवण्याची रीत वर्गात शिकवली जात नाही. इंटिग्रेशन शिकवले जाते, पण समोर चार उत्तरे आयती मांडलेली असताना त्यांच्याकडे कसे पाहायचे, हे ज्याचे त्याने शोधायचे असते.

याबद्दल विद्यार्थ्याच्या कानावर दोन टोकांचे सल्ले पडतात. एकीकडे म्हणतात, ऑप्शनमध्ये व्हॅल्यू टाका, जुळले की टिक करा आणि पुढे चला. दुसरीकडे म्हणतात, ही पळवाट आहे, गणित पूर्ण सोडवा आणि मगच पर्यायांकडे बघा. मला दोन्ही सल्ले अपुरे वाटतात. चुकीचा पर्याय गाळणे हे गणितच आहे, त्याला स्वतःचा नियम आहे आणि तो नियम तुमच्या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात, मॅथेमॅटिकल लॉजिकमध्ये, छापलेला आहे. तो नीट समजला तर कोणत्या कसोटीवर किती विश्वास ठेवायचा हे कळते. न समजता नुसती युक्ती पाठ केली, तर तीच युक्ती ऐन परीक्षेत दगा देते.

त्या प्रकरणात ‘जर-तर’ विधानाचे कॉन्ट्रापॉझिटिव्ह आणि कॉन्व्हर्स हे प्रकार येतात. सत्यता सारणी मांडून आपण पाहतो की कॉन्ट्रापॉझिटिव्ह मूळ विधानाशी समतुल्य असते आणि कॉन्व्हर्स तसे नसते. पर्याय गाळण्याचा सगळा पाया इतकाच आहे. ‘हा पर्याय बरोबर असेल, तर तो धन असलाच पाहिजे’ हे विधान खरे असेल, तर ‘पर्याय ऋण आहे, म्हणून तो बरोबर नाही’ हेही तितकेच खरे. ते अंदाजाने काढलेले नसते, सिद्ध झालेले असते. पण ‘पर्याय धन आहे, म्हणून तो बरोबर आहे’ हे कुठूनही निघत नाही. कसोटी पर्यायाला बाद करू शकते, पास करू शकत नाही. आपल्याकडच्या गणितात हा विचार जुना आहे. दुसऱ्या आर्यभटाच्या ‘महासिद्धान्त’ या ग्रंथात गुणाकार-भागाकार पडताळण्याची नवाची रीत आहे: आकड्यातल्या अंकांची बेरीज करत एका अंकापर्यंत यायचे आणि दोन्ही बाजू जुळतात का ते बघायचे. जुळल्या नाहीत तर गणित नक्की चुकले. जुळल्या तर मात्र ते बरोबर आहे असे ठरत नाही. १५ गुणिले ३ याचे उत्तर ४५ ऐवजी ५४ लिहिले तरी अंकांची बेरीज नऊच येते आणि चूक कसोटीतून निसटून जाते.

हे कॅल्क्युलसमध्ये कसे दिसते ते एका साध्या प्रश्नावर पाहू. एक्स गुणिले लॉग एक्स याचे इंटिग्रेशन विचारले आहे. पर्याय असे आहेत, आणि प्रत्येकाच्या शेवटी अधिक सी आहेच असे समजा. अ: एक्सवर्ग छेद दोन गुणिले लॉग एक्स, अधिक एक्सवर्ग छेद चार. ब: तेच, पण मध्ये अधिकऐवजी उणे. क: एक्सवर्ग गुणिले लॉग एक्स, उणे एक्सवर्ग छेद दोन. ड: एक्सवर्ग छेद दोन गुणिले लॉग एक्स, उणे एक्सवर्ग छेद दोन. इंटिग्रेशन बाय पार्ट्स न करता प्रत्येक पर्यायाचा डेरिव्हेटिव्ह काढायचा आणि एक सोयीची किंमत घालून तो मूळ फंक्शनशी जुळतो का ते पाहायचे. एक्स = १ घेतले तर लॉग १ शून्य, म्हणून मूळ फंक्शन शून्य. अ चा डेरिव्हेटिव्ह तिथे १ येतो, ड चा उणे अर्धा. दोन्ही बाद. ब चा शून्य येतो. इथेच घाईतला विद्यार्थी ब वर टिक करून पुढे जातो. या वेळी तो वाचला, पण पर्यायांचा क्रम वेगळा असता तर बुडाला असता, कारण क चा डेरिव्हेटिव्हसुद्धा एक्स = १ ला शून्यच आहे. क चा डेरिव्हेटिव्ह दोन एक्स लॉग एक्स आहे, म्हणजे हव्या त्या उत्तराची दुप्पट, आणि शून्याची दुप्पट शून्यच. आता एक्स = ई घ्या. मूळ फंक्शन ई, ब चा डेरिव्हेटिव्ह ई, क चा दोन ई. क गेला.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. पहिली: चारही पर्याय तपासल्याशिवाय थांबायचे नाही, कारण ‘जुळले’ याला स्वतंत्र अर्थ नाही, ‘बाकीचे तीन जुळले नाहीत’ याला आहे. परीक्षेने हमी दिलेली असते की चारपैकी नेमका एक बरोबर आहे. ती हमी आणि तीन पर्याय बाद झाल्याचा पुरावा एकत्र आला की चौथा सिद्ध होतो. दुसरी: सोयीची किंमत बहुतेक वेळा आंधळी असते. शून्य आणि एक घातले की आकडेमोड सोपी होते ती पदे नाहीशी होतात म्हणूनच, आणि पदे नाहीशी झाली की त्यांतल्या चुकाही नाहीशा होतात. शून्य किंवा एकने सुरुवात जरूर करा. दोन पर्याय उरले तर लगेच दुसरी, थोडी गैरसोयीची किंमत घ्या.

डेफिनिट इंटिग्रल हा पर्याय गाळण्यासाठी सगळ्यात सुपीक भाग आहे, कारण तिथे उत्तर एक संख्या असते आणि संख्येला आकार असतो. शून्य ते पाय/४ या मर्यादांत लॉग (१ + टॅन एक्स) याचे इंटिग्रल हा प्रश्न प्रत्येकाने कधी ना कधी पाहिलेला असतो. समजा पर्याय आहेत: पाय/२ गुणिले लॉग २, पाय/४ गुणिले लॉग २, पाय/८ गुणिले लॉग २ आणि उणे पाय/८ गुणिले लॉग २. या मर्यादांत टॅन एक्स शून्यापासून एकपर्यंत वाढतो, म्हणून फंक्शन शून्यापासून लॉग २ पर्यंत वाढते. म्हणजे आलेखाखालचे क्षेत्र एका आयतात मावते: रुंदी पाय/४, उंची लॉग २. आयताचे क्षेत्रफळ पाय/४ गुणिले लॉग २. आलेख फक्त शेवटच्या बिंदूला आयताच्या वरच्या बाजूला टेकतो, म्हणून त्याखालचे क्षेत्र आयतापेक्षा निश्चित लहान. पहिले दोन पर्याय गेले. फंक्शन कुठेही ऋण नाही, म्हणून चौथाही गेला. पेन न उचलता उत्तर मिळाले. पण इथे थांबून एक प्रश्न स्वतःला विचारा: उणे चिन्हाच्या जागी पाय/१६ गुणिले लॉग २ असा पर्याय असता तर? आयताने तो बाद झाला नसता. तेव्हा एक्सच्या जागी पाय/४ उणे एक्स घालण्याचा गुणधर्म लागला असता. त्याने फंक्शन आणि त्याचे उलटे रूप यांची बेरीज सगळीकडे लॉग २ येते, म्हणजे क्षेत्र आयताच्या बरोबर निम्मे. आधी आयत डोळ्यांसमोर आणलेल्या विद्यार्थ्याला हा गुणधर्म नुसते सूत्र म्हणून आठवावा लागत नाही, तो दिसतो. म्हणूनच गाळणे आणि सोडवणे यांच्यात भिंत घालायला माझा विरोध आहे.

असाच आणखी एक नमुना: शून्य ते एक या मर्यादांत एक्सवर्ग छेद (१ + एक्सवर्ग). पर्याय पाय/४, १ उणे पाय/४, पाय/४ उणे १ आणि १ अधिक पाय/४. या मर्यादांत फंक्शनची सगळ्यात मोठी किंमत अर्धी, आणि मर्यादांमधले अंतर एक. उत्तर शून्य आणि अर्धा यांच्या मधले. पाय/४ म्हणजे सुमारे ०.७८५ हे ज्याच्या डोक्यात पक्के आहे त्याला बाकी काही करावे लागत नाही. १ उणे पाय/४, म्हणजे सुमारे ०.२१५, एवढाच त्या पट्ट्यात बसतो. परीक्षेत कॅल्क्युलेटर नसतो, म्हणून अशा काही किमती तोंडपाठ हव्यात: लॉग २ सुमारे ०.६९, ई सुमारे २.७२, वर्गमूळ २ सुमारे १.४१, वर्गमूळ ३ सुमारे १.७३. चार-पाच आकडे पाठ करण्याचा मोबदला यापेक्षा जास्त कुठे मिळत असेल असे मला वाटत नाही.

तिसरी कसोटी फिजिक्समधून येते आणि गणिताच्या तासाला तिचे नावही निघत नाही, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. ती म्हणजे एककांची. एक छेद (एक्सवर्ग + एवर्ग) याचे इंटिग्रेशन करताना बाहेर १/ए असते की नसते, आणि एक छेद वर्गमूळ (एवर्ग – एक्सवर्ग) याच्या बाबतीत काय, हा गोंधळ बारावीत सर्रास होतो. एक्स आणि ए दोन्ही मीटरमध्ये मोजले आहेत असे समजा. पहिल्यात वर डीएक्सचा एक मीटर, खाली मीटरचा वर्ग. म्हणून उत्तर ‘एक छेद मीटर’ या एककात हवे. टॅन इन्व्हर्सला एकक नसते, म्हणून बाहेर १/ए हवाच, आणि आत एक्स/ए असे शुद्ध गुणोत्तरच हवे. दुसऱ्यात वर मीटर, खाली वर्गमूळ घेतल्यावर मीटर. एकक उरतच नाही, म्हणून साइन इन्व्हर्स एक्स/ए बाहेर काही न घेता उभा राहतो. प्रश्नात एवर्गाच्या जागी ९ दिसले तर ते ३ चा वर्ग आहे हे ओळखून तीच कसोटी लावता येते. गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हाऊ टू सॉल्व्ह इट’ या पुस्तकात उत्तर आल्यावर ते तपासण्याच्या मार्गांमध्ये एककांची कसोटी आवर्जून सांगितली आहे. तिची मर्यादाही स्पष्ट आहे: १/ए आणि १/२ए यांतला फरक तिला दिसत नाही. तो शोधायला पुन्हा एखादी किंमत घालावी लागते.

डिफरन्शियल इक्वेशनमध्ये तर प्रश्नच तुम्हाला कसोटी हातात देतो. समजा डीवाय बाय डीएक्स अधिक वाय/एक्स बरोबर एक्स, आणि एक्स = १ असताना वाय = १. पर्याय: ३एक्सवाय = एक्सघन + २; ३एक्सवाय = एक्सघन – २; एक्सवाय = एक्सघन + २; ३वाय = एक्सघन + २. इंटिग्रेटिंग फॅक्टर शोधण्याआधी (१, १) हा बिंदू चारही ठिकाणी घाला. दुसरा आणि तिसरा लगेच पडतात. उरलेल्या दोघांना वेगळे करायला त्याच बिंदूवरचा उतार पुरतो: समीकरणावरून तो १ उणे १, म्हणजे शून्य. चौथ्या पर्यायात वायचा डेरिव्हेटिव्ह एक्सवर्ग, बिंदूवर १. तो गेला. बिंदू आणि त्या बिंदूवरचा उतार, या दोन गोष्टी सुरुवातीची अट दिलेल्या बहुतेक प्रश्नांचा निकाल लावतात. मॅक्सिमा-मिनिमाच्या प्रश्नांत तर पर्याय सरळ एकमेकांशी लढवता येतात. १२ सेंटिमीटर बाजूच्या चौरस पत्र्याच्या कोपऱ्यांतून एक्स बाजूचे चौरस कापून उघडी पेटी करायची, आकारमान सर्वांत जास्त कधी? पर्याय २, ३, ४, ६. सहा घेतले तर पेटीला तळच उरत नाही. दोन घेतले तर २ गुणिले ६४, म्हणजे १२८. तीन घेतले तर १०८. चार घेतले तर ६४. सर्वांत जास्त आकारमान देणारी किंमत या चारांत आहे हे ठरलेले असताना १२८ च्या पलीकडे बघायची गरज नाही. सहा हा पर्याय तिथे उगाच ठेवलेला नाही: डेरिव्हेटिव्ह शून्य केल्यावर एक्सची दुसरी किंमत सहाच येते आणि ती पडताळून न पाहणारा तीच निवडतो.

चुकीचे पर्याय येतात कुठून हेही यावरून लक्षात येईल. पेपर काढणारा चार आकडे हवेतून काढत नाही. विद्यार्थी कोणत्या वळणावर घसरतो हे त्याला ठाऊक असते आणि त्या प्रत्येक घसरणीच्या शेवटी तो एक पर्याय ठेवतो: विसरलेले उणे चिन्ह, चेन रूलमध्ये सुटलेला गुणक, बदललेले चल पण न बदललेल्या मर्यादा, अर्ध्याऐवजी पूर्ण. म्हणूनच ‘माझे उत्तर पर्यायांत आहे’ हा समाधानाचा पुरावा नव्हे. नेहमीची चूक केली तरी उत्तर पर्यायांत सापडतेच. सोडवायला घेण्याआधी पर्याय एकमेकांपासून नेमके कशात वेगळे आहेत हे बघा. फरक फक्त चिन्हाचा असेल तर सगळे लक्ष चिन्हावर द्या. फरक गुणकाचा असेल तर चिन्ह तपासत बसू नका. मात्र एक सल्ला अजिबात ऐकू नका: ज्याच्यासारखे दिसणारे पर्याय सर्वांत जास्त, तो बरोबर, किंवा सगळ्यांत गुंतागुंतीचा दिसतो तो बरोबर. हा पेपर काढणाऱ्याच्या मनाचा अंदाज आहे, त्यामागे कोणतेही ‘जर-तर’ विधान नाही.

आता ज्या ठिकाणी ही रीत अडते ती ठिकाणे. साइन टूएक्सचे इंटिग्रेशन साइनवर्ग एक्स, उणे कॉसवर्ग एक्स आणि उणे अर्धा कॉस टूएक्स या तिन्ही रूपांत बरोबर आहे, कारण ती एकमेकांपासून केवळ स्थिरांकाने वेगळी आहेत. ‘माझ्या उत्तरासारखा दिसत नाही’ म्हणून इनडेफिनिट इंटिग्रलचा पर्याय बाद करणे हा गुन्हा आहे. बाद करायचा तो डेरिव्हेटिव्ह काढून. दुसरे, किंमत घालताना प्रश्नाने दिलेली मर्यादा पाळा. साइन इन्व्हर्स (२एक्स छेद १ + एक्सवर्ग) याचा डेरिव्हेटिव्ह एक्स उणे १ ते १ मध्ये असताना २ छेद (१ + एक्सवर्ग) आहे, पण एक्स १ पेक्षा मोठा असेल तर त्याचे चिन्ह उलटते. प्रश्नात ‘एक्स १ पेक्षा मोठा’ असे लिहिलेले असताना सवयीने एक्स = ० घातले, की बरोबर पर्यायच बाद होतो. तिसरे, काही प्रश्नांत कसोट्या लवकर संपतात. एक्स शून्याकडे जाताना (टॅन एक्स – साइन एक्स) छेद एक्सघन याची लिमिट विचारली आणि पर्याय ०, १/२, १, –१/२ असले, तर चिन्हाची कसोटी फक्त उणे अर्धा काढून टाकते. पुढे सूत्र मांडल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि मांडल्यावर दोन ओळींत अर्धा येतो. चौथे, ‘यांपैकी नाही’ असा पर्याय असेल तर तीन गेले म्हणून चौथा, हा आधारच ढासळतो. जेईई अ‍ॅडव्हान्स्डमधल्या एकाहून अधिक बरोबर पर्यायांच्या प्रश्नांतही तेच: तिथे प्रत्येक पर्याय स्वतंत्रपणे सिद्ध किंवा असिद्ध करावा लागतो. आणि जेईई मेनमधल्या संख्यात्मक उत्तरांच्या प्रश्नांना पर्यायच नसतात. तिथे आयत, चिन्ह आणि एकके यांचा उपयोग स्वतःचेच उत्तर तपासण्यापुरता.

आक्षेप असा घेतला जाईल की याने विद्यार्थी इंटिग्रेशन करायचेच विसरेल. तो गंभीर आहे आणि अर्धा खराही आहे. बोर्डाच्या पेपरात ८० पैकी ६० गुण पायऱ्या मांडूनच मिळतात आणि इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी बीटा-गॅमा फंक्शन आणि मल्टिपल इंटिग्रल समोर आले की बहुपर्यायी प्रश्नाबाहेर पर्याय मदतीला येत नाहीत. ज्याने दोन वर्षे फक्त किमती घातल्या तो तिथे उघडा पडतो. पण वरचे एकेक उदाहरण पुन्हा पाहा: इंटिग्रेशन तपासायला डिफरन्सिएशन न चुकता यावे लागले, आयतासाठी फंक्शन वाढते की घटते हे कळावे लागले, उतारासाठी समीकरणाचा अर्थ कळावा लागला. ज्याला कॅल्क्युलस येत नाही त्याला त्यातले काहीही गाळता येत नाही. धोका गाळण्यात नाही, सोडवण्याच्या जागी गाळणे आणण्यात आहे. म्हणून सरावाच्या काळात क्रम उलटा ठेवा: प्रश्न आधी पूर्ण सोडवा, मग उरलेले तीन पर्याय प्रत्येकी एका वाक्यात बाद करून दाखवा. ते वाक्य वहीत लिहा. ‘चुकीचा आहे’ असे लिहून चालणार नाही. ‘आयतापेक्षा मोठा’, ‘चेन रूलचा दोन विसरला’, ‘सुरुवातीची अट पाळत नाही’ असे कारण हवे. गेल्या काही वर्षांच्या सीईटीचे कॅल्क्युलसचे प्रश्न अशा रीतीने संपवलेल्या विद्यार्थ्याला स्वतःच्या चुकांची यादी आपोआप मिळते, कारण ज्या पर्यायाने त्याला फसवले त्याचे कारणही त्यानेच लिहिलेले असते.

दुसरा आक्षेप वेळेचा. सीईटीत ५० प्रश्नांना ९० मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी १०८ सेकंद. चार पर्यायांचे चार डेरिव्हेटिव्ह काढत बसलो तर ते एका सरळ इंटिग्रेशनपेक्षा महाग पडते, हे मान्य. म्हणून निर्णय प्रश्न वाचतानाच घ्यायचा. सरळ रस्ता दिसत असेल आणि तो मिनिटाच्या आत संपणारा असेल, तर सरळच जा. इंटिग्रेशन लांब पण पर्याय साधे असतील, उत्तर संख्या असेल किंवा सुरुवातीची अट दिली असेल, तर आधी गाळा. चारही पर्याय लांबलचक आणि एकमेकांसारखे असतील तर गाळण्याच्या नादी लागू नका, प्रश्न खूण करून पुढे ढकला. हा निर्णय झटपट घेता येणे हे सरावानेच जमते, आणि तो सराव घड्याळ लावूनच करावा लागतो.

तिसरा आक्षेप नैतिक आहे: गाळून उरलेल्यांतून अंदाजाने निवडणे हे प्रामाणिक आहे का? परीक्षेचे नियम काय सांगतात ते बघा. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून प्रश्न कोरा ठेवण्याला कोणताही आधार नाही. समजा वेळ संपत आली आणि १२ प्रश्न उरले. डोळे मिटून टिक केले तर सरासरीने ३ बरोबर, ६ गुण. प्रत्येकातले दोन पर्याय सकारण बाद करून मग निवडले तर सरासरीने ६ बरोबर, १२ गुण. हे जास्तीचे सहा गुण नशिबाचे नाहीत, ते अर्ध्या ज्ञानाचे योग्य मोल आहे, आणि ज्याला विषय अर्धा कळतो त्याने ते सोडून का द्यावे? जेईई मेनमध्ये बरोबरला ४ आणि चुकीला उणे १. तिथे चारही पर्याय शाबूत असताना अंदाज केला तर सरासरी पाव गुण, जो थोड्या प्रश्नांत सहज उणेही जातो. एक पर्याय बाद झाला की सरासरी दोन-तृतीयांश गुण, दोन बाद झाले की दीड. माझा सल्ला: एकही पर्याय सकारण बाद करता आला नाही तर जेईईत तो प्रश्न सोडा, एक जरी करता आला तर उत्तर द्या.

परीक्षेप्रमाणे लिहिण्याची शिस्तही बदलते आणि ती न पाळल्यामुळे जाणारे गुण सगळ्यांत वाईट. बोर्डाच्या पेपरात बहुपर्यायी प्रश्नाला पर्यायाचे अक्षर आणि उत्तर दोन्ही लिहावे लागते. नुसते अक्षर किंवा नुसते उत्तर लिहिले तर गुण नाही, आणि तपासताना पहिलाच प्रयत्न धरला जातो. म्हणून तिथे गाळणी कच्च्या कामात पूर्ण करा आणि मगच उत्तरपत्रिकेत लिहा. सीईटीचा गणिताचा पेपर फक्त इंग्रजीत असतो, आणि मराठी माध्यमातून दहावीपर्यंत आलेल्यांनी एक खबरदारी घ्यावी: प्रश्न ‘कोणते विधान चुकीचे आहे’ असा असेल तर तो शब्द रफ कागदावर मोठा लिहून घ्या, कारण अशा प्रश्नात तीन बरोबर विधाने बाद करायची असतात आणि सवयीचा हात उलट जातो. स्क्रीनवर उत्तर बदलता येते, म्हणून पहिल्या फेरीत दोनवर आणून सोडलेल्या प्रश्नांत तात्पुरता एक पर्याय निवडून ठेवा आणि पुन्हा पाहण्याची खूण करा. शेवटच्या दहा मिनिटांत परत याल तेव्हा आधी डेफिनिट इंटिग्रल आणि सुरुवातीची अट दिलेली समीकरणे उघडा. एका नव्या किमतीने तिथे निकाल लागण्याची शक्यता सर्वाधिक. त्यानंतर मॅक्सिमा-मिनिमा, मग इनडेफिनिट इंटिग्रल, आणि ज्यांत एकही पर्याय हललेला नाही असे लिमिटचे प्रश्न सगळ्यांत शेवटी.